लुसी वेडी नव्हती

नवऱ्याच्या कोटाच्या खिशात काळ्या लेसचा तुकडा सापडतो. नवरा नाइटक्लबमध्ये बँड चालवतो, गातो, रात्री उशिरा घरी येतो. पेपरातल्या गॉसिपच्या सदरात त्याचं नाव त्याच्याच शोमधल्या एका मुलीशी जोडलं गेलंय. आता सांगा, बायकोने काय समजायचं?

१७ डिसेंबर १९५१ च्या रात्री अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर हा प्रश्न घरोघरी विचारला गेला, आणि घरोघरी लोक खदाखदा हसले. हसले ते बायकोला. मालिकेचं नाव ‘आय लव्ह लुसी’. त्या एपिसोडचं नाव ‘लुसी इज जेलस ऑफ गर्ल सिंगर’. निकाल शीर्षकातच लागलाय बघा. लेसचा तुकडा नाही, पेपरातली बातमी नाही, ती छापून आणणारा प्रेस एजंट नाही. लुसी जळते. विषय संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. टीव्हीवरच्या सगळ्यात लाडक्या विनोदी मालिकेने एक लबाडी केली, आणि ती इतकी गोड होती की सत्तर वर्षं झाली तरी आपण तिच्यावर हसतोय. लबाडी अशी: संशयाची सगळी कारणं बायकोच्या समोर आणून ठेवायची, मग ती प्रत्येक वेळी खोटी ठरवायची, आणि शेवटी प्रेक्षकांना सांगायचं, ‘बघा, कशी वेडी आहे!’

लुसी वेडी नव्हती. तिच्या जागी दुसरं कोणीही असतं तर त्याने तोच अर्थ काढला असता.

आधी थोडी ओळख

तुम्ही ‘आय लव्ह लुसी’ पाहिली नसेल, तरी लुसीला पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर दोन बायका उभ्या आहेत, पट्टा वेगाने पळू लागतो, आणि चॉकलेटं गुंडाळणं जमेना म्हणून त्या ती तोंडात, टोपीत, झग्यात कोंबतात. ही क्लिप रील म्हणून, मीम म्हणून कधी ना कधी तुमच्या फोनवरून गेली असेल. त्यातली एक लुसी, म्हणजे अभिनेत्री ल्युसिल बॉल. दुसरी तिची शेजारीण आणि घरमालकीण एथेल.

मालिका १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि मे १९५७ पर्यंत चालली. सहा सीझन, १८० एपिसोड. लुसीचा नवरा रिकी रिकार्डो हा क्यूबन बँडलीडर. न्यूयॉर्कच्या ट्रॉपिकाना क्लबमध्ये त्याचा शो असतो. रिकीचं काम करणारा डेसी अर्नाझ हा खराखुरा क्यूबन बँडलीडर होता आणि ल्युसिलचा खराखुरा नवराही. लुसीला एकच ध्यास: आपणही शोमध्ये काम करायचं. रिकीचं एकच म्हणणं: घरात बायको पाहिजे, स्टेजवर नको. बहुतेक एपिसोड या एका भांडणातून निघतात. उरलेल्यांपैकी बरेच संशयातून.

मालिका फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रित व्हायची. म्हणजे जे हसू ऐकू येतं ते मशीनमधून काढलेलं नाही. समोर बसलेली माणसं, त्यात बायकाही, लुसीच्या संशयावर मनापासून हसत होती. मला जास्त बोचतं ते हेच.

पुरावा आणा, मग तो खोटा ठरवा

एक-दोन एपिसोडवरून मी आरोप करत नाही. सांगाडाच दाखवतो.

‘क्यूबन पाल्स’ (१९५२). रिकीचे क्यूबातले जुने मित्र न्यूयॉर्कला येतात. त्यांच्यात रेनिता आहे. ती चिमुरडी असताना रिकी तिच्याबरोबर नाचायचा, म्हणून आताही नाचणार. लुसीच्या डोळ्यांसमोर ती चिमुरडीच असते. प्रत्यक्षात दारातून आत येते ती एक देखणी तरुणी.

‘द ॲनिव्हर्सरी प्रेझेंट’ (१९५२). रिकी शेजारच्या ग्रेस फॉस्टरशी गुपचूप कुजबुजतो. लुसीचा संशय बळावतो. खरं कारण असं की ग्रेस दागिन्यांच्या दुकानात कामाला आहे आणि रिकी लग्नाच्या वाढदिवसासाठी लुसीला मोत्यांचा सर घेतोय.

‘फॅन मॅगझिन इंटरव्ह्यू’ (१९५४). रिकीच्या खिशात एका अनोळखी बाईला लिहिलेलं, क्लबमध्ये भेटायला बोलावणारं पत्र सापडतं. खरं कारण: एजंटने प्रसिद्धीसाठी काढलेली शक्कल.

‘डॉन वॉन अँड द स्टारलेट्स’ (१९५५). रिकी सिनेमासाठी हॉलिवूडला आलाय. जाहिरातीसाठी सुंदर नट्यांच्या गराड्यात फोटो, मग त्यांच्याबरोबर प्रीमियर. लुसी मागे हॉटेलात. सकाळी तिला रिकीचा पलंग नीट आवरलेला दिसतो, म्हणजे तो रात्री आलाच नाही. खरं कारण: तो आला होता, झोपला होता, लवकर उठून गेला. पलंग मोलकरणीने आवरला.

सूत्र लक्षात आलं? पुरावा भक्कम, खुलासा त्याहून भक्कम. लेस नाचताना फाटलेल्या पोशाखाची. पत्र एजंटचं. कुजबूज मोत्यांसाठी. पलंग मोलकरणीने आवरलेला. एकदा असं घडलं तर योगायोग म्हणू. पाचदा घडलं तर तो लेखकांच्या टेबलावरचा नियम आहे: नवरा निर्दोषच असतो, आणि बायकोने डोळ्यांनी पाहिलेलं खरं नसतं.

सगळ्यात मोठी गंमत पहिल्याच एपिसोडमध्ये आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गॉसिपची बातमी वाचल्यावर लुसी चिडत नाही. हे प्रसिद्धीचे धंदे आहेत, असं म्हणून ती ते उडवून लावते. लेस सापडल्यावर मात्र ती हलते. म्हणजे लेखकांनी स्वतःच दाखवून दिलं की ही बाई स्वभावाने संशयी नाही. अफवेवर विश्वास ठेवत नाही, वस्तू हातात आली की विचार करते. कोर्टात याला शहाणपण म्हणतात. सिटकॉममध्ये याला ‘जेलस’ म्हणतात.

‘अरे, कॉमेडी आहे ती!’

हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच घेतो. विनोदी नाटक गैरसमजावर चालतं. गैरसमज काढला तर उरणार काय?

मान्य. गैरसमज हवाच. माझा प्रश्न वेगळा आहे: गैरसमज कायम कोणाचा होतो?

आपल्याकडे या प्रकारातलं एक अस्सल नाटक आहे, म्हणून त्याची साक्ष काढतो. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्याचं मूळ फ्रेंच, मोलिएरचं, इंग्रजीतल्या आर्थर मर्फीमार्गे आलेलं. त्यातही पुरावे आहेत. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हातात येते आणि ती पाहून तिचा नवरा फाल्गुनराव पेटतो. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते पाहून कृत्तिका पेटते. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणजे करमणुकीच्या धंद्याची सावली तिथेही आहे.

पण देवलांनी मूर्खपणा वाटताना हात आखडला नाही. नवराही संशयी, बायकोही संशयी, प्रियकरही संशयी. आणि या सगळ्यांत जास्त हसू येतं ते फाल्गुनरावाचं, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचं. १९१६ सालच्या मराठी नाटकाला हे जमलं. १९५१ सालच्या अमेरिकी टीव्हीला का जमलं नाही?

रिकीही कधीकधी जळतो, हे कबूल. ‘द अडाजिओ’ या एपिसोडमध्ये नाच शिकवायला आलेला फ्रेंच नर्तक लुसीवर भाळतो आणि रिकी भडकतो. पण फरक बघा. तिथे भाळलेला पुरुष खरोखर आहे. रिकीच्या रागाला समोर एक हाडामांसाचा माणूस मिळतो. लुसीच्या वाट्याला लेसचा तुकडा येतो, आणि तोही शेवटी हातातून निसटतो.

दुसरा बचाव जास्त गंभीर आहे. त्या काळात टीव्हीवर नवऱ्याची बाहेरख्याली दाखवणं शक्यच नव्हतं. हे खरं आहे. लुसी मालिकेत गरोदर राहिली तेव्हा ‘प्रेग्नंट’ हा साधा शब्दसुद्धा वापरू दिला नाही. त्याऐवजी ‘एक्सपेक्टिंग’ म्हणायचं. नवरा-बायकोचे पलंग वेगळे. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. कुटुंबातल्या सगळ्यांनी बसून पाहायची मालिका, त्यात रिकी घसरला तर सगळंच घसरलं.

ठीक. बाहेरख्याली दाखवता येत नव्हती. मग संशय तरी पुन्हा पुन्हा का आणला? कारण संशय विकला जात होता. कारण दाखवायला बंदी, परिणाम दाखवायला मोकळीक. आग दाखवायची नाही, पण धूर पाहून धावत सुटलेल्या बाईला मात्र मनसोक्त दाखवायचं. त्या काळाच्या मर्यादा मी समजू शकतो. पण त्या मर्यादांची किंमत दर वेळी बायकोच मोजते, हे मला नैसर्गिक वाटत नाही.

संशय हा या धंद्याचा कच्चा माल

रिकी पोस्टमास्तर असता तर हे एपिसोड झालेच नसते. तो कलाकार आहे, म्हणून झाले.

कलाकाराचा धंदा कसा चालतो ते बघा. प्रेक्षकातल्या प्रत्येक बाईला क्षणभर वाटलं पाहिजे की हा माझ्यासाठी गातोय. तिथून तिकीट विकलं जातं. गॉसिपची बातमी कोणी पेरली? प्रेस एजंटने. अनोळखी बायकांना पत्रं कोणी धाडली? एजंटने. नट्यांच्या गराड्यातला फोटो कोणी ठरवला? स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने. म्हणजे संशय निर्माण करणं हे रिकीच्या कंपूचं पगारी काम आहे. बाहेरच्या जगाने रिकीवर संशय घ्यावा म्हणून पैसे खर्च होतात. फक्त घरातल्या बाईने तो घ्यायचा नाही. सगळ्या शहराने बातमीवर विश्वास ठेवला तर ती यशस्वी प्रसिद्धी. बायकोने ठेवला तर ती वेडी.

हा डाव आजही ओळखीचा वाटत नसेल तर सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आठवड्यातल्या बातम्या वाचा. पडद्यावरच्या जोडीचं ‘काहीतरी शिजतंय’ हे ठरवून शिजवलं जातं. त्या जोडीतल्या कोणाचं घरी कोणी असेल तर त्याने समजून घ्यायचं असतं. त्याला म्हणे ‘इंडस्ट्री’ कळली पाहिजे.

अजून एक गोष्ट. इंग्रजीत या सगळ्याला ‘जेलसी’ असा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे तसं नाही. संशय वेगळा, हेवा वेगळा, मत्सर वेगळा. आपलं माणूस दुसऱ्याकडे गेलं असेल ही भीती म्हणजे संशय. दुसऱ्याकडे जे आहे ते मला हवं ही तळमळ म्हणजे हेवा. लुसीकडे हे दोन्ही आहेत, आणि मालिका ते मुद्दाम एका टोपलीत घालते.

काळ्या लेसच्या एपिसोडमध्ये लुसी काय करते? रडत बसत नाही, माहेरी जात नाही. ती कोरसमधल्या नाचणाऱ्या मुलींमध्ये घुसते. नवऱ्यावर नजर ठेवायला गेली, असं कथा सांगते. मला ते अर्धंच पटतं. या बाईला आयुष्यभर ज्या दारातून आत घेतलं नाही, त्या दारातून ती संशयाचं निमित्त करून आत शिरते. ‘क्यूबन पाल्स’मध्येही तेच. रेनिताला बाजूला करून तिच्या जागी नाचायला कोण उभं राहतं? लुसी. तिला त्या मुलींचा हेवा वाटतो तो नवऱ्यामुळे कमी आणि स्टेजमुळे जास्त. रोजमेरीकडे रिकी असेल-नसेल, तिच्याकडे स्पॉटलाइट आहे.

दोन्ही भावना एकत्र केल्या की रिकीची सोय होते. ‘मला काम करू दे’ या मागणीला उत्तर द्यावं लागतं. ‘तू जळतेस’ असं म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही.

आणि संशय मिटवण्याची रीतही बघण्यासारखी आहे. ‘फॅन मॅगझिन इंटरव्ह्यू’मध्ये लुसी त्या पत्रातल्या बाईला शोधत तिच्या घरी जाते. बाई निघते गबाळी. ‘रिकीज ओल्ड गर्लफ्रेंड’ (१९५३) मध्ये जुन्या मैत्रिणीचं नाव निघतं, कार्लोटा रोमेरो. ती प्रत्यक्ष समोर येते तेव्हा लठ्ठ आणि हास्यास्पद दाखवली आहे. संशय मिटला! का मिटला? नवरा कसा वागला हे कळलं म्हणून नव्हे. समोरची बाई दिसायला ‘तशी’ नाही म्हणून. नवऱ्याच्या इमानाची परीक्षा दुसऱ्या बाईच्या कंबरेवरून. एका विनोदात दोन बायका चिरडल्या, आणि पुरुषाच्या कोटाला साधी सुरकुतीही पडली नाही.

पडद्यामागचं घर

आता मालिकेबाहेर या. कारण माझा राग खरा इथे आहे.

ल्युसिल बॉल आणि डेसी अर्नाझ १९४० साली एका सिनेमाच्या सेटवर भेटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी लग्न केलं. डेसी बँड घेऊन गावोगाव फिरायचा, ल्युसिल हॉलिवूडमध्ये. १९४४ मध्ये तिने घटस्फोटासाठी अर्ज केला, मग दोघांनी मिटवलं. पुढे तिचा ‘माय फेव्हरिट हजबंड’ हा रेडिओ कार्यक्रम गाजला आणि सीबीएसला तो टीव्हीवर हवा झाला, तेव्हा तिने अट घातली: नवऱ्याचं काम माझा नवराच करेल. गोऱ्या अमेरिकन बाईचा क्यूबन नवरा लोकांना पटणार नाही, अशी वाहिनीला शंका होती. दोघांनी १९५० मध्ये रंगमंचावर एकत्र कार्यक्रम केले, दौरा काढला, आणि लोकांना हे चालतं हे दाखवून दिलं.

या अटीमागचं कारण लपलेलं नव्हतं. डेसी दौऱ्यांवरून घरी यावा, दोघं एका गावात, एका छताखाली राहावीत, हे तिला हवं होतं. म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली सिटकॉम जन्माला आली ती एका बायकोच्या काळजीतून. आणि त्याच मालिकेने बायकोच्या काळजीची टिंगल केली. ती टिंगल साकार करायला तीच बाई रोज सेटवर उभी होती.

जानेवारी १९५५ च्या अंकात ‘कॉन्फिडेन्शियल’ या गॉसिप मासिकाने डेसीच्या भानगडींवर लेख छापला. मथळा असा होता की डेसीचं लुसीवर खरंच प्रेम आहे का. ‘डॉन वॉन अँड द स्टारलेट्स’ हा एपिसोड प्रसारित झाला १४ फेब्रुवारी १९५५ ला. ऐन व्हॅलेंटाइनच्या रात्री. स्टॉलवर ते मासिक, टीव्हीवर आवरलेला पलंग आणि भाबडा खुलासा. कोणी मुद्दाम जुळवलं असं मी म्हणत नाही. गरजही नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरेसं आहे.

पुढचं सर्वांना माहीत आहे. डेसीची दारू आणि बाहेरची प्रकरणं हा या लग्नाच्या कहाणीचा उघड भाग आहे. शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण २ मार्च १९६० ला झालं आणि दुसऱ्याच दिवशी ल्युसिलने घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. तो शेवटचा भाग १ एप्रिलला दाखवला गेला, म्हणजे लोकांनी ते लग्न पडद्यावर पाहिलं तेव्हा कोर्टात ते मोडायला निघालं होतं.

‘बीइंग द रिकार्डोज’ हा २०२१ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. निकोल किडमन आणि हावियेर बार्देम. त्यात गरोदरपण, कम्युनिस्ट असल्याचा आरोप आणि गॉसिपचा लेख अशा वेगवेगळ्या वर्षांतल्या गोष्टी एका आठवड्यात कोंबल्या आहेत. पण त्याने एक प्रश्न बरोबर पकडला: घरात जे खरं ठरतंय ते सेटवर रोज खोटं ठरवायचं, याचा त्रास त्या बाईला किती झाला असेल?

डेसीला खलनायक करून मी मोकळा होणार नाही. तीन कॅमेऱ्यांची पद्धत जमवण्यात, मालिका फिल्मवर करून तिचे हक्क स्वतःकडे ठेवण्यात त्याचं डोकं होतं. रिरन नावाचा धंदा त्यातून उभा राहिला. शिवाय विनोदाचा एक काटा त्यालाही टोचत होता. लॅटिन पुरुष म्हणजे रंगेल, हा अमेरिकी समज रिकीच्या डोक्यावर आयताच बसवलेला होता. त्याच्यावर संशय घेणं सोपं होतं, कारण तो क्यूबन होता. पण क्यूबन असल्याचा अपमान आणि नवरा असल्याची सूट, या दोन गोष्टी त्याला एकाच वेळी मिळत होत्या. पहिली मिळाली म्हणून दुसरी माफ होत नाही.

मग मालिका फेकून द्यायची?

नाही. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय.

‘पन्नासच्या दशकातला पुरुषी कचरा’ असं म्हणून ही मालिका बंद करणारे लोक मला भेटतात. रिकी लुसीला लहान मुलासारखं आडवं घालून फटके मारतो अशी दृश्यं मालिकेत आहेत आणि ती पाहताना आज अंगावर काटा येतो. ते झाकायचं नाही. पण कचरा म्हणणाऱ्यांनी लुसीचं शरीर पाहिलेलं नाही. ही बाई पडते, धडपडते, तोंड वेडंवाकडं करते, वेशांतर करते, भिंतीच्या कडेवरून चालते. नवऱ्याच्या प्रसिद्धीसाठी एकदा ती ‘फ्रॅनिस्तान’ नावाच्या खोट्या देशाची ‘महारिन्सेस’ बनते. कथा तिला घरात बसवते आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. शेवटची दोन मिनिटं रिकीची असतात. आधीची वीस तिची.

आणि पडद्याबाहेर? घटस्फोटानंतर १९६२ मध्ये तिने डेसीचा हिस्सा विकत घेतला आणि डेसिलू या मोठ्या टीव्ही स्टुडिओची ती प्रमुख झाली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ त्याच स्टुडिओतून आल्या. ‘मला शोमध्ये घे’ म्हणून सहा वर्षं विनवणाऱ्या लुसीची नटी शो विकत घेऊन मोकळी झाली.

म्हणून मालिका पाहा. फक्त शेवटच्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नका.

आपला हिशेब

तुम्ही म्हणाल, सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बाईचं आम्हाला काय? सांगतो.

फॅमिली ग्रुपवर येणारे नवरा-बायकोचे विनोद काढा. नवऱ्याचा फोन तपासणारी बायको, शर्टावरचा केस शोधणारी बायको, ‘कोण होती ती?’ विचारणारी बायको. रील्समध्येही तीच. सगळीकडे लुसी. फक्त लुसीची प्रतिभा नाही, तिचा अपमान तेवढा आहे.

आता मराठी वर्तमानपत्र उघडा आणि गुन्ह्यांच्या बातम्या वाचा. एक वाक्प्रचार तुम्हाला पाठ असेल: ‘चारित्र्याच्या संशयावरून’. त्यापुढे काय येतं तेही पाठ असेल. पत्नीला मारहाण. पत्नीचा खून. चारित्र्य हा शब्द तिथे कोणाचा असतो, हे सांगावं लागत नाही. बाईचा संशय विनोदाच्या रकान्यात आणि पुरुषाचा संशय गुन्ह्यांच्या पानावर. एकाच भावनेचे हे दोन पत्ते आहेत. आणि विनोदाच्या रकान्याचा गुन्ह्यांच्या पानाशी काही संबंध नाही, असं मानायला मी तयार नाही. बाईच्या शंकेला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो, म्हणून तिचा प्रश्न हलका झाला. पुरुषाच्या शंकेला कधी हसलो नाही, म्हणून ती ‘कारण’ झाली. बातमीत ते कारण म्हणूनच छापलं जातं.

म्हणूनच मला फाल्गुनराव महत्त्वाचा वाटतो. संशयी पुरुषाला हसणारं नाटक आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. ते हसू आपण कुठे हरवलं?

नव्या पिढीने भाषा बदलली आहे, एवढंच. ‘वेडी आहेस’ याऐवजी आता ‘तू इनसिक्युअर आहेस’, ‘ओव्हरथिंक करू नको’, ‘तुझे ट्रस्ट इश्यूज आहेत, थेरपी घे’. भाषा सुशिक्षित झाली, काम तेच. प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, त्याच्या मनाचं निदान करायचं. १९४४ च्या एका सिनेमातून आलेला ‘गॅसलायटिंग’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मी तो इथे वापरणार नाही. रिकी लुसीला ठरवून वेडं करत नाही. त्याला तेवढे कष्ट घ्यायची गरजच नाही. लेखक, प्रायोजक आणि प्रेक्षक ते काम त्याच्यासाठी फुकट करतात.

गैरसमज नको म्हणून सांगतो: कोणाचा फोन चोरून पाहणं, पासवर्ड मागणं, लोकेशन तपासत बसणं याचं मी समर्थन करत नाही, करणारा कोणीही असो. संशय म्हणजे सिद्धता नव्हे. लुसी चुकूही शकते. मालिकेत ती चुकतेच. माझी तक्रार ती चुकते याबद्दल नाही. ती विचारते तेव्हा तिला सरळ उत्तर मिळत नाही, याबद्दल आहे. ‘नाचताना तिचा पोशाख फाटला, तुकडा माझ्या खिशात राहिला.’ एवढं एक वाक्य लागलं असतं. रिकी ते वेळेवर बोलला असता तर एपिसोड पाच मिनिटांत संपला असता. पुढची वीस मिनिटं आपण ज्याला हसतो तो लुसीचा मत्सर नाही, रिकीचं न बोललेलं वाक्य आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला, खिशातल्या लेसबद्दल असो की रात्री दोनच्या मेसेजबद्दल, काही विचारलं, तर विचारणाऱ्याचा स्वभाव तपासू नका. आधी ते वाक्य बोला. आणि तुमच्याकडे बोलण्यासारखं ते वाक्यच नसेल, तर निदान समोरच्याला वेडं तरी ठरवू नका.